वेशीवर अडवलेला गॉब्लिन

चौघे गावाच्या वेशीपाशी पोचले. एक जादूगार, एक ड्वार्फ, एक पुजारीण आणि चिंचोका नावाचा गॉब्लिन. पहारेकऱ्याने तिघांची नावं वहीत लिहून घेतली. चौथ्याकडे नजर गेली आणि त्याने भाला आडवा धरला.

हे घडत होतं आमच्या जेवणाच्या टेबलावर, रविवारी दुपारी. पहारेकरी मी होतो आणि चिंचोका होती माझी भाची. तिने हातातला फासा खाली ठेवला आणि विचारलं, "मामा, मलाच का अडवलं? मी तर अजून काही केलंच नाहीये."

प्रश्न अगदी बरोबर होता. तिने काहीच केलं नव्हतं. ती गॉब्लिन, म्हणजे गोष्टींतला छोटा, उपद्रवी राक्षस होती, एवढंच. ज्या प्राण्याला मारण्यासाठी बाकीचे नायक घराबाहेर पडतात, त्याच प्राण्याच्या कातडीत शिरून नायक व्हायचं, हा प्रकार रोलप्लेइंग खेळांमध्ये आज अगदी सर्रास चालतो. तो कुठून आला, त्यात नियमांचा आणि फाशांचा वाटा किती, आणि तो चांगला कधी वठतो, हे मला इथे नीट उलगडून सांगायचं आहे. मला हा खेळातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. पण तो नीट खेळला नाही तर हाती फक्त हिरवा रंग फासलेला माणूस उरतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. जग कसं आहे ते तो सांगतो, आणि वाटेत भेटणारे सगळे लोक, पहारेकऱ्यापासून राजापर्यंत, तोच वठवतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. त्या पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी, बोलण्याची हातोटी हे सगळं कॅरेक्टर शीट नावाच्या कागदावर आकड्यांत लिहिलेलं असतं. जे घडेल की नाही याची खात्री नसते, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. फाशाचा आकडा आणि शीटवरची बेरीज मिळून डीएमने ठरवलेला आकडा गाठला की काम फत्ते.

या प्रकारचा पहिला छापील खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून तो 1974 साली बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघेही मूळचे वॉरगेमवाले, म्हणजे टेबलावर सैनिकांच्या छोट्या प्रतिमा मांडून लढाया खेळणारे. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वॉरगेममध्ये समोरची पलटण ही फक्त समोरची पलटण असते. तिच्या घरी कोण आहे, तिला काय हवंय, हे कोणी विचारत नाही. तीच सवय नव्या खेळात उतरली. ऑर्क आणि गॉब्लिन म्हणजे गुहेत बसलेले शत्रू. त्यांना मारलं की अनुभवाचे गुण मिळायचे आणि त्यांचा खजिनाही हाती लागायचा.

ऑर्क हे नाव या खेळात आलं ते 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनच्या जगातून. तिथे ते काळ्या सत्तेचं सैन्य आहे, मुळापासून नासलेलं. पण खुद्द टॉल्किनलाही हे कोडं सुटलं नव्हतं. बोलणारा, विचार करणारा एक अख्खा समाज जन्मतःच दुष्ट कसा असेल? त्याच्या पत्रांत आणि टिपणांत याची वेगवेगळी उत्तरं सापडतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

गंमत म्हणजे राक्षस खेळायची हौस छापील नियमांपेक्षाही जुनी आहे. आर्नेसनच्या ब्लॅकमूर या खेळात एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं, सर फँग या नावाचं. तो इतका भारी पडायला लागला की त्याला आवर घालण्यासाठी धर्मगुरूसारखं एक पात्र बनवलं गेलं. खेळातला आजचा क्लेरिक तिथून आला, असं त्या काळचे खेळाडू सांगतात. म्हणजे आज घरोघरच्या टेबलांवर जखमा बऱ्या करणारं जे पात्र असतं, त्याचा जन्मच एका खेळाडूच्या राक्षसामुळे झाला. 1974 च्या नियमांतही म्हटलं होतं की खेळाडूला जवळपास काहीही होता येईल, फक्त सुरुवात दुबळी हवी. ड्रॅगन व्हायचंय? मग पिल्लू ड्रॅगनपासून सुरुवात कर.

पाचच वर्षांत सूर बदलला. 1979 च्या डीएमसाठीच्या पुस्तकात गायगॅक्सने या विषयाला वेगळी जागा दिली आणि खेळाडूंना राक्षस होऊ देऊ नका असंच सुचवलं. त्याचं म्हणणं असं की राक्षस मागणाऱ्याला बहुतेक वेळा गोष्ट नको असते, बाकीच्यांवर वरचढ व्हायचं असतं. शिवाय खेळाचं जग माणसांभोवती फिरतं, त्यात राक्षस कसा सामावणार? मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही, पण पहिला मुद्दा आजही खरा आहे. "मला ट्रोल, म्हणजे तो अवाढव्य राक्षस, व्हायचंय" असं म्हणणाऱ्याला मी अजूनही विचारतो, "ट्रोल का?" उत्तर "कारण त्याच्या जखमा आपोआप भरतात" असं आलं की पुढचं बोलणं वेगळं होतं.

आता नियमांकडे वळू, कारण खरी मेख तिथेच आहे. डीएम गोष्टीत काहीही सांगो, शीटवरचे आकडे दर पाच मिनिटांनी आपलं म्हणणं मांडत असतात.

या खेळात प्रत्येक प्राण्याला अलाइनमेंट नावाचं लेबल असतं. चांगला की वाईट, शिस्तीचा की मनमानी, आणि मधले तटस्थ, असे एकूण नऊ प्रकार. 1977 च्या राक्षसांच्या पुस्तकात ऑर्कसमोर एकच शिक्का होता: शिस्तीचा आणि दुष्ट. सगळे ऑर्क, सरसकट. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आणि तिच्या पुढच्या सुधारित रूपात, म्हणजे 3.5 नियमांत, या शिक्क्यामागे एक छोटा शब्द आला. लाल ड्रॅगन 'नेहमी' दुष्ट, गॉब्लिन 'सहसा' दुष्ट, ऑर्क 'बरेचदा' दुष्ट. एका क्रियाविशेषणाने केवढी जागा मोकळी केली बघा. 'बरेचदा' म्हटलं की जे तसे नाहीत ते कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. त्या जागेत हजारो खेळाडूंनी आपले नायक बसवले.

पण त्याच आवृत्तीत हाफ-ऑर्कच्या, म्हणजे अर्धा माणूस अर्धा ऑर्क असलेल्याच्या, शीटवर दुसरं काही लिहिलं होतं: ताकद अधिक 2, बुद्धी उणे 2, व्यक्तिमत्त्व उणे 2. उणे 2 ऐकायला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात त्याने फाशात मिळवायची बेरीज एकाने कमी होते आणि वीस बाजूंच्या फाशावर एक म्हणजे 5 टक्के. म्हणजे तुमचा हाफ-ऑर्क कितीही शिकलेला असो, पुस्तक वाचताना, कोडं सोडवताना, कोणाला समजावताना, प्रत्येक वेळी 5 टक्क्यांनी मागे. मी पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा मला वाईट वाटलं होतं. एखाद्याची ताकद जास्त म्हणजे त्याची अक्कल कमी, हा निवाडा कोणा डीएमने दिलेला नव्हता, तो नियमातच छापलेला होता.

मोठ्या राक्षसांसाठी तिसऱ्या आवृत्तीत आणखी एक हिशेब होता, लेव्हल अ‍ॅडजस्टमेंटचा. 3.5 नियमांतला ट्रोल घ्या. त्याच्या अंगच्याच 6 लेव्हल, म्हणजे पात्र अनुभवाने चढतं त्या 6 पायऱ्या, त्यावर अ‍ॅडजस्टमेंटच्या 5. म्हणजे ट्रोलला अकराव्या पायरीवरचं पात्र धरायचं. जादूगार अकराव्या पायरीवर पोचेपर्यंत ट्रोलने थांबायचं आणि मग त्याच्याशी बरोबरी करायची. कागदावर हे न्याय्य दिसतं. टेबलावर मात्र असा प्राणी शत्रूच्या मंत्रांपुढे लवकर कोसळायचा, कारण अ‍ॅडजस्टमेंटच्या पायऱ्या नुसत्या मोजण्यापुरत्या होत्या, त्यांच्यासोबत जीवनगुण, म्हणजे मार सोसायचे आकडे, येत नव्हते. राक्षस खेळणाऱ्याला आधी शक्तीचा मोह पडायचा आणि नंतर तिचीच किंमत मोजावी लागायची.

पुढच्या आवृत्त्यांनी हे हळूहळू सोडलं. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत ड्रॅगनबॉर्न आणि टीफ्लिंग, म्हणजे ड्रॅगनच्या रूपाचे आणि सैतानी रक्ताचे लोक, थेट मुख्य पुस्तकात आले. 2016 मध्ये पाचव्या आवृत्तीच्या एका जोडपुस्तकात गॉब्लिन, सरड्यासारखे छोटे कोबोल्ड, ऑर्क हे सगळे खेळाडूंसाठी खुले झाले. पण ऑर्कची बुद्धी पुन्हा उणे 2 आणि कोबोल्डची ताकद उणे 2. 2020 मध्ये हे दोन्ही उणे आकडे दुरुस्तीत काढून टाकले गेले. त्याच वर्षाच्या शेवटी आणखी एक मोठा बदल आला: जन्माने मिळणारी आकड्यांची वाढ खेळाडूने हवी तिथे लावावी. 2024 च्या नव्या पुस्तकात 'रेस' हा शब्दच गेला, त्याजागी 'स्पीशीज' आला, आणि ऑर्क पहिल्यांदाच माणूस आणि एल्फ यांच्या शेजारी मुख्य पुस्तकात बसला. पाथफाइंडर या दुसऱ्या मोठ्या खेळाने 2019 च्या आवृत्तीत 'अ‍ॅन्सेस्ट्री' हा शब्द घेतला आणि गॉब्लिनला पहिल्या दिवसापासून मुख्य पुस्तकात जागा दिली.

मराठीत खेळताना आम्हालाही या शब्दाचा घोळ झाला. 'जात' म्हणावं तर ते टेबलावर कोणालाच सोसवेना. 'वंश' जरा पुस्तकी वाटला. शेवटी आम्ही 'कूळ' वर स्थिरावलो. "तुझं कूळ कोणतं?" "गॉब्लिन." ऐकायला बरं वाटतं आणि त्यात आजी-आजोबा आपोआप येतात.

खेळातली अख्खी कुळं जन्मतःच दुष्ट ठरवावीत का, हा वाद 2020 साली पेटला तेव्हा बरेच जण म्हणाले, अहो, खेळ आहे, ऑर्क खरे थोडेच असतात? खरे नसतात. पण 'हे लोक जन्मतःच तसे' हे वाक्य खऱ्या जगातलं आहे, आणि ते आपल्याकडे कायद्यात लिहिलेलं होतं. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या गेल्या, पाळण्यातल्या पोरासकट. माणसांना ठरल्या वेळी पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. गाव सोडायचं तर परवानगी लागे. 1952 मध्ये कायदा रद्द झाला, म्हणून या समाजांना विमुक्त म्हणतात. महाराष्ट्रात रामोशी, कैकाडी, कंजारभाट यांच्यासारखे समाज त्यात येतात. कायदा गेला तरी संशय लगेच गेला नाही, हे आपण सगळेच जाणतो. म्हणून वेशीवरची ती वही हातात घेऊन पहारेकरी वठवताना मला ती नुसती खेळातली वही वाटत नाही. आणि म्हणूनच मला वाटतं, हा भाग खेळातून पुसून टाकू नये, तो जपून खेळावा.

तर जपून म्हणजे कसं?

पहिली चूक बहुतेक सगळेच करतात. ते चित्र बदलतात, बाकी काही बदलत नाहीत. ऑर्क म्हणजे सुळे असलेला माणूस, टीफ्लिंग म्हणजे शिंगं असलेली मुलगी. कोणी त्यांना पाहून दचकत नाही, त्यांना स्वतःला कशाचं नवल वाटत नाही. चार सेशन, म्हणजे खेळाच्या चार बैठका, झाल्यावर टेबलावर कोणालाच आठवत नाही की हा ऑर्क आहे. त्यात पाप काही नाही. पण मग राक्षस घेतलाच कशाला?

दुसरी चूक त्याच्या उलट आहे. खेळाडू प्रत्येक वाईट वागण्याला कुळाचं पांघरूण घालतो. मित्राची थैली चोरली? "मी गॉब्लिन आहे ना." कैद्याला मारलं? "माझं पात्र असंच वागेल." जगातल्या पहारेकऱ्यांनी जे लेबल लावलंय तेच हा स्वतःवर लावून घेतो, आणि त्याचा त्रास बाकीच्या खेळाडूंना होतो. माझ्या टेबलावर असं झालं की मी तिथेच खेळ थांबवतो आणि विचारतो, "चिंचोका हे करेल ते ठीक. पण तो हे का करतोय?" खरं उत्तर मिळालं तर गोष्ट पुढे जाते. "कारण मागच्या गावात आपल्याला कोणी जेवायला दिलं नव्हतं, म्हणून मी आधीच घेऊन ठेवतोय." हे उत्तर मला खरंच मिळालं होतं, आणि त्या दिवशी सगळं टेबल दोन मिनिटं गप्प होतं.

तिसरा सापळा मोहक आहे. अपवादाचा. या खेळाच्या जगातला सगळ्यात प्रसिद्ध राक्षस-नायक म्हणजे ड्रिझ्ट, जमिनीखाली राहणाऱ्या ड्रो कुळातला. 1988 पासून आर. ए. साल्वाटोरेच्या कादंबऱ्यांत तो आहे. ड्रो म्हणजे क्रूर, कपटी, कोळ्याच्या रूपातल्या देवीचे भक्त. हा एकटा सज्जन. आपलं शहर सोडून तो वर उजेडात येतो आणि पदोपदी लोकांचा संशय झेलतो. गोष्ट सुंदर आहे, मी ती कॉलेजात असताना अधाशासारखी वाचली. त्यानंतर जगभरच्या टेबलांवर दोन तलवारी घेतलेले एकाकी ड्रो उगवले, ते उगाच नाही. पण या गोष्टीत एक गाठ आहे. ड्रिझ्ट चांगला उठून दिसतो तो बाकीचे सगळे वाईट आहेत म्हणून. तो जितका थोर, तितकं त्याचं कूळ काळं. आपल्याकडे बिभीषणाचं हेच झालं. रामाच्या बाजूने पाहिलं तर तो भक्त. पण मराठीत कोणाला बिभीषण म्हटलं की त्याचा अर्थ घरभेदी. एकट्याने बाहेर पडलेल्या चांगल्या राक्षसाला दोनच जागा मिळतात, संताची नाहीतर फितुराची. त्याच्या मागे राहिलेल्या लंकेतल्या घराघरांत काय चाललं होतं, हे कोणी विचारत नाही.

आणि जिथे विचारलं जातं तिथे खेळ फुलतो. यातलं मला सगळ्यात आवडणारं काम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या बाहेरचं आहे. 1978 साली रूनक्वेस्ट नावाचा खेळ आला, आणि 1982 मध्ये त्याच्यासाठी ट्रोलपॅक नावाची पेटी निघाली. त्यात फक्त ट्रोल. ते काय खातात, तर जवळपास सगळंच. त्यांची देवी कोण, तर अंधारातली आद्य माता. उजेड हा त्यांच्या इतिहासातला घाव आहे, कारण सूर्य पाताळात उतरला तेव्हा त्यांना आपलं घर सोडून वर यावं लागलं. त्यांच्यावर एक शाप आहे. आया मोठ्या अपेक्षेने मूल जन्माला घालतात आणि बरेचदा खुरटलेली, दुबळी पिल्लं जन्मतात. हे वाचल्यावर ट्रोलचा राग, त्याची भूक, त्याचं लढणं हे सगळं वेगळं दिसायला लागतं. ट्रोल चांगले आहेत असं तिथे कुणी सांगत नाही. ते कोण आहेत, एवढं मात्र कळतं. 2004 मध्ये आलेल्या एबेरॉन या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जगातही असंच आहे. तिथे माणसं त्या खंडावर येण्याच्या कितीतरी आधी गॉब्लिन कुळांचं मोठं साम्राज्य होतं, आणि जगाला बाहेरच्या भयंकर शक्तींपासून वाचवणारे पहिले राखणदार ऑर्क होते. आजचे गॉब्लिन ज्या शहरांत हमाली करतात, ती त्यांच्या पूर्वजांच्या पायांवर उभी आहेत.

मराठी माणसाला हे समजायला फार वेळ लागू नये. दिवाळीत पाडव्याला आपल्याकडे बायका ओवाळताना म्हणतात, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." बळी असुरांचा राजा होता. पण आपण त्याला चांगला अपवाद म्हणून आठवत नाही, त्याचं अख्खं राज्य परत मागतो.

हा सगळा विचार शीटवर कसा उतरवायचा, तर माझी पद्धत साधी आहे. आकडे भरून झाले की मी शीट उलटी करायला सांगतो आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काही गोष्टी लिहायला लावतो. तुझ्या कुळातल्या कोणाची आठवण येते? घरी सणाला काय शिजतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझ्याकडे लहान मुलांना कशाची भीती घालतात? भाचीने लिहिलं होतं: आजीचं नाव कवठी. सणाला भाजलेले किडे आणि चिंचेचं पाणी. आणि गॉब्लिनांच्या गुहेत पोरं झोपली नाहीत की कवठी आजी म्हणते, "गप झोप, नाहीतर दिवा घेऊन माणूस येईल." चौदा वर्षांच्या मुलीने हे एकटीने सुचवलं. या एका ओळीतून मला पुढची तीन सेशन मिळाली.

आकड्यांकडेही याच नजरेने बघावं. अंधारात 60 फुटांपर्यंत दिसणं ही शरीराची गोष्ट आहे, ती कुळाकडेच राहू द्यावी. पाचव्या आवृत्तीतला गॉब्लिन लढाईत हल्ला करून त्याच दमात लपू शकतो किंवा निसटू शकतो. हा भित्रेपणा म्हणायचा की सगळ्या जगाने हाकलल्यावर अंगी आलेलं कसब? मी कसब म्हणतो, आणि ते कोणी शिकवलं हे खेळाडूला विचारतो. 2014 च्या हाफ-ऑर्कला धमकावण्याचं कौशल्य जन्मतः फुकट मिळायचं. माझ्या मते हा नियम हाफ-ऑर्कबद्दल काहीच सांगत नाही, त्याला बघणाऱ्याबद्दल सांगतो. असं वाचलं की तो खेळायला फार चांगला आहे, कारण मग हाफ-ऑर्क नुसतं "मीठ द्या" म्हणाला तरी समोरचा मागे सरतो, आणि बिचाऱ्या खेळाडूला ते निस्तरावं लागतं.

डीएमसाठी एक जुनं हत्यार आहे, ते आता फारसं कोणी वापरत नाही. सुरुवातीच्या नियमांत राक्षस भेटला की तो कसा वागेल हे सहा बाजूंच्या दोन फाशांवर ठरायचं. 1981 च्या सोप्या आवृत्तीतलं कोष्टक बघा. 2 पडले तरच तो थेट हल्ला करतो. 12 पडले तर चक्क मैत्री. मध्ये वैर, शंका, थांबणं, बोलणं. दोन फाशांवर 2 पडण्याची शक्यता 36 मध्ये 1. म्हणजे त्या काळच्या नियमांनाही ठाऊक होतं की बहुतेक राक्षस बहुतेक वेळा लगेच अंगावर येणार नाहीत. मी हे कोष्टक उलटं वापरतो. चिंचोका गावात शिरला की गावकरी कसे वागतील यासाठी मी दोन फासे टाकतो. त्यामुळे सगळं गाव एकाच साच्यातलं राहत नाही. कोणी दार लावतं, कोणी दाराआडून बघतं, आणि एखादी म्हातारी सरळ विचारते, "तुम्ही लोक खरंच किडे खाता का रे? कसे लागतात?"

किती संशय दाखवायचा हे मात्र खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी मिळून ठरवायचं. याला सेशन झीरो म्हणतात. कोणती गोष्ट टेबलावर येणारच नाही, कोणती पडद्याआड घडेल, आणि मध्येच कोणाला त्रास झाला तर काय खूण करायची. एक्स लिहिलेलं कार्ड मध्ये ठेवतात, कोणीही कारण न देता त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा. हाफ-ऑर्कच्या जन्मकथेत पूर्वी जी हिंसा गृहीत धरली जायची, ती आमच्या टेबलावर येतच नाही. आणि एक गोष्ट मी आवर्जून विचारतो. टेबलावर असा कोणी असेल ज्याला बाहेरच्या जगात रोज आडनाव, रंग किंवा पत्ता विचारून अडवलं जातं, तर त्याला इथेही तेच हवंय का? काहींना हवं असतं, कारण इथे ते उलटून बोलू शकतात. काहींना रविवारची दुपार त्याच्याविना हवी असते. दोन्ही बरोबर आहे. अशा वेळी ऑर्कला गावाने हार घालून आत घ्यावं, त्यात काहीही कमी नाही.

सोबतच्या खेळाडूंवरही एक जबाबदारी येते, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. महाभारतातला घटोत्कच आठवा. भीम आणि हिडिंबेचा मुलगा, रात्रीच्या युद्धात पांडवांसाठी लढला. अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती कर्णाला त्याच्यावर खर्चावी लागली आणि तो पडला. पांडव रडत होते. कृष्ण मात्र आनंदला, आणि द्रोणपर्वात तो सांगतोही, की कर्णाने मारलं नसतं तर पुढे मलाच याला मारावं लागलं असतं. मी हा भाग वाचतो तेव्हा दरवेळी थबकतो. राक्षसाची ताकद हवी होती, पण राक्षस नको होता. टेबलावर हे नकळत घडतं. दार फोडायला ऑर्क, सापळा बघायला पुढे कोबोल्ड, आणि राजाकडे जेवायला बसताना "तू जरा बाहेर थांब." त्या पहिल्या रविवारी आमच्या वेशीवर हेच झालं.

पहारेकऱ्याला पटवण्यासाठी मी 15 चा आकडा ठरवला होता. चिंचोकाकडे बोलण्याची बेरीज होती फक्त 2. म्हणजे फाशावर 13 किंवा जास्त हवे, शक्यता 40 टक्के. कोणी सोबत्याने त्याच्या बाजूने दोन शब्द टाकले असते तर नियमाप्रमाणे दोन फासे टाकून मोठा आकडा धरता आला असता. मग तीच शक्यता 64 टक्के होते. 'हा आमच्यातला आहे' या एका वाक्याची खेळाने ठरवलेली किंमत 24 टक्के. पण बाकीचे तिघे आधीच वेशीच्या आत होते आणि बाजारात काय घ्यायचं हे ठरवत होते. भाचीने एकटीने फासा टाकला. 9 पडले. 9 आणि 2, 11.

अशा वेळी नुसतं "नाही" म्हणून थांबू नये. अपयशाने गोष्टीचं दार बंद होता कामा नये, फक्त किंमत वाढावी. पहारेकरी म्हणाला, "आत जा, पण सुरी इथे ठेव." आणि वहीत माणसांच्या रकान्यात नाव न लिहिता त्याने खेचरांच्या रकान्यात एक रेघ ओढली. भाचीने ते ऐकलं आणि काही न बोलता शीटवरची सुरी खोडली.

अकराव्या सेशनला ते त्याच वेशीवर परत आले. पुजारीण जखमी होती, तिला चिंचोकाने पाठीवर बांधून आणलं होतं, स्वतःच्या उंचीपेक्षा मोठं ओझं. मी पुन्हा भाला आडवा धरला. या वेळी ड्वार्फ खेळणारा माझा सहकारी पुढे झाला आणि म्हणाला, "हा आमच्यातला आहे." भाचीने दोन फासे टाकले. 5 आणि 16. सोळा आणि दोन, अठरा.

पहारेकऱ्याने वही उघडली आणि विचारलं, "नाव?"

"चिंचोका. कवठीचा नातू." आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि तुझं?"

मी थांबलो. अकरा सेशन तो नुसता पहारेकरी होता, माझ्या कागदांत त्याला नावच नव्हतं.

"सोपान," मी म्हणालो.

तिने शीट उलटी केली आणि मागच्या बाजूला, आजीच्या नावाखाली, ते लिहून ठेवलं.